वावर मुलांच्या नावावर करून दिल्याने म्हातारपण सुरक्षित होत नाही

आमच्या भागातील गावोगावच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या ज्येष्ठांना उद्देशून लिहिलेला एक लांबलचक संदेश फिरत आहे. त्यातील दावे थोडक्यात असे आहेत: म्हातारपणी आई-वडिलांना सांभाळणे ही फक्त मुलाची जबाबदारी आहे, लग्न झालेल्या मुलीवर कायद्याने काहीच येत नाही, म्हणून वावर आणि घर हयातीतच मुलांच्या नावावर करून मोकळे व्हावे, मुलांनी पुढे सांभाळले नाही, तर बक्षीसपत्र (मोबदला न घेता मालमत्ता देण्याचा दस्त) आपोआप रद्द होऊन जमीन परत मिळते, नावावर जमीन उरली नाही की श्रावणबाळचा पगार (वृद्धांना सरकारकडून दरमहा मिळणारे साहाय्य) सुरू होतो, आणि दवाखाना सरकारने पूर्ण फुकट केल्यामुळे म्हाताऱ्या माणसाला वेगळा खर्चच उरत नाही. दारव्हा तालुक्यातील माझ्या मामांनी हा संदेश वाचला आणि दुय्यम निबंधक कार्यालयात कोणती कागदपत्रे न्यावी लागतात, हे विचारण्यासाठी मला फोन केला. जमीन द्यावी की नाही, हा प्रश्न त्यांच्या मनात उरलेलाच नव्हता. ज्याने हा मजकूर लिहिला त्याने मूळ कायदा उघडलेला नाही, आणि ज्यांनी तो पुढे पाठवला त्यांना तशी गरजही वाटली नाही, याचा मला संताप आहे.

सर्वांत घातक दावा बक्षीसपत्र "आपोआप रद्द" होण्याचा आहे, म्हणून तो आधी घेते. संदेशाचा रोख ज्या कायद्याकडे आहे, तो आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह व कल्याणाचा 2007 चा अधिनियम होय. त्याच्या कलम 23 मध्ये असे म्हटले आहे की, ज्येष्ठ नागरिकाने आपली मालमत्ता देताना, घेणाऱ्याने आपल्या मूलभूत सोयी आणि शारीरिक गरजा भागवाव्यात अशी अट घातली असेल, आणि घेणाऱ्याने ती पाळण्यास नकार दिला किंवा ती पाळली नाही, तर ते हस्तांतरण फसवणुकीने अथवा दडपणाखाली झाले असे मानले जाईल आणि देणाऱ्याची इच्छा असल्यास न्यायाधिकरण ते रद्द ठरवू शकेल. यात आपोआप घडणारे काहीही नाही. आधी अट असावी लागते, मग ती मोडल्याचे दाखवावे लागते, त्यासाठी उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणात अर्ज करावा लागतो, समोरच्याला नोटीस जाते, सुनावणी होते, आदेश निघतो आणि त्यानंतर कुठे फेरफाराचा, म्हणजे सातबाऱ्यावर नाव बदलण्याचा, विषय येतो.

आता आपल्याकडची बक्षीसपत्रे कशी लिहिली जातात ते पाहा. निवासी घर किंवा शेतजमीन मुलाला बक्षीस देताना मुद्रांक शुल्क 200 रुपये एवढे नाममात्र असल्यामुळे हा मार्ग स्वस्त वाटतो, आणि दस्तलेखक ठरलेल्या नमुन्यात "नैसर्गिक प्रेम व जिव्हाळ्यापोटी, कोणताही मोबदला न घेता" असे लिहून टाकतो. सांभाळण्याची अट त्यात बहुधा नसते, कारण पोटच्या मुलासमोर अशी अट लिहायला सांगणे बापाला अपमानाचे वाटते. नेमके हेच वाक्य पुढे बापावर उलटते. हरियाणातील एका आईच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2022 मध्ये स्पष्ट सांगितले की, प्रेमापोटी आणि कसलीही अपेक्षा न ठेवता केलेले हस्तांतरण केवळ पुढे सांभाळले नाही म्हणून कलम 23 खाली रद्द होत नाही. अट होती हे न्यायाधिकरणासमोर सिद्ध करावे लागते. त्या आईच्या बाजूने झालेला आदेश तिथे रद्द झाला.

काही जण याला उत्तर म्हणून जानेवारी 2025 चा निकाल दाखवतात. त्यात सर्वोच्च न्यायालयाने मध्य प्रदेशातील एका आईने मुलाला दिलेले बक्षीसपत्र रद्द केले, कायद्याचा अर्थ ज्येष्ठांच्या हिताच्या अंगाने लावला पाहिजे असे म्हटले, आणि न्यायाधिकरण मालमत्तेचा ताबाही परत देऊ शकते हे मान्य केले. हा निकाल महत्त्वाचा आहे, यात शंका नाही. परंतु त्या आईजवळ बक्षीसपत्राच्याच दिवशी मुलाने लिहून दिलेले वचनपत्र होते, आणि बक्षीसपत्रातही मुलगा सांभाळ करतो असा उल्लेख होता. एवढे लेखी असूनही 2019 च्या बक्षीसपत्राचा फैसला 2025 साली झाला आणि मधल्या काळात उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने तिच्याविरुद्ध निर्णय दिला होता. ज्या बापाजवळ कोऱ्या शब्दापलीकडे काही नाही आणि तालुक्याला जायलाही दुसऱ्याची गाडी लागते, त्याला "आपोआप परत मिळते" असे सांगणे ही निव्वळ फसवणूक आहे.

जमीन गेल्यावर आणखी काय जाते, हे त्या संदेशात कुठेच नाही. सातबाऱ्यावरून नाव उतरले की पीककर्ज नव्या खातेदाराच्या नावाने होते, पीकविमा त्याच्या खात्यात जमा होतो, सीसीआयच्या (सरकारी कापूस महामंडळाच्या) खरेदी केंद्रावर कापूस त्याच्या नावाने मोजला जातो, आणि पीएम किसान व नमो शेतकरी योजनांचे मिळून वर्षाला येणारे 12,000 रुपये थांबतात. घरात ज्याच्या खात्यात पैसा येतो त्याचा शब्द चालतो. वयाची पन्नास वर्षे ज्याने पेरणीचा निर्णय घेतला, त्याला चष्म्याच्या काचा बदलण्यासाठी सुनेच्या तोंडाकडे पाहावे लागते, आणि हे मी आमच्याच नात्यात पाहिले आहे.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते. गावात राहून प्रत्यक्ष शेती करणाऱ्या मुलाच्या नावावर काहीच नसेल, तर बँक त्याला उभे करत नाही, आणि पुण्याला नोकरी करणाऱ्या भावांच्या बरोबरीने त्यालाही पुढे वाटणीत बसवले जाते, ही अडचण खरी आहे. पण तिचा उपाय सगळे वावर देऊन टाकणे हा नव्हे. त्याला काही एकर देता येतात, राहते घर आणि उरलेली जमीन स्वतःकडे ठेवता येते, जे द्यायचे त्या दस्तात जेवण, औषधपाणी, निवारा आणि दरमहा ठरावीक रक्कम यांची अट शब्दांत लिहून घेता येते. बाकीच्यासाठी मृत्युपत्र आहे. ते हवे तेव्हा बदलता येते, त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, नोंदणी सक्तीची नाही, आणि ते मृत्यूनंतरच अमलात येते. मामांना मी हेच सांगितले आहे.

जबाबदारी फक्त मुलाची, हा दावा तर कित्येक दशकांपूर्वीच निकालात निघालेला आहे. 1956 च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्यात म्हाताऱ्या किंवा अशक्त आई-वडिलांच्या पोषणाचे बंधन मुलगा आणि मुलगी दोघांवर आहे. 1987 साली सर्वोच्च न्यायालयाने कल्याणच्या एका विवाहित डॉक्टर मुलीविरुद्ध तिच्या वडिलांनी केलेला अर्ज ग्राह्य धरला आणि लग्न झाल्याने मुलगी ही मुलगी राहण्याचे थांबत नाही, अशी भूमिका घेतली. 2007 च्या अधिनियमात मुलगा, मुलगी, नातू आणि नात असे चौघेही येतात, आणि निःसंतान ज्येष्ठाच्या बाबतीत त्याची मालमत्ता ज्याच्याकडे आहे किंवा जाणार आहे तो सज्ञान वारसही येतो. संदेश लिहिणाऱ्याचा हेतू मला यात दिसतो: मुलीवर जबाबदारी नाही असे एकदा ठरवले, की तिला हक्कसोड करायला लावणे सोपे जाते.

या सगळ्या चर्चेत जिचे नावच येत नाही, ती म्हणजे सून. वरच्या व्याख्येत सून नाही. सासू-सासऱ्यांचे पोषण करण्याचे बंधन हा कायदा तिच्यावर टाकत नाही. आणि आमच्या गावांत अंथरुणाला खिळलेल्या सासूची कूस कोण बदलते, तिचे लुगडे कोण धुते, रात्री तीन वेळा कोण उठते? मुलगा पुण्याहून फोन करतो आणि पैसे पाठवतो, त्याची मी अवहेलना करत नाही. परंतु वेचणीच्या दिवसांत दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचायला न जाता जी घरी बसून राहते, तिची बुडालेली मजुरी कोणीही हिशेबात धरत नाही. भावंडांनी बसून खर्चाचे भाग पाडायचे असतील, तर पहिला भाग तिच्या मजुरीचा असला पाहिजे, आणि तो दिवाळीच्या साडीने न भागवता दर महिन्याला रोख दिला पाहिजे.

पगाराचा मुद्दा थोडक्यात संपतो. श्रावणबाळ योजनेसाठी वय 65 पूर्ण असावे लागते आणि नाव दारिद्र्यरेषेखालील यादीत किंवा कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 21,000 रुपयांच्या आत असावे लागते. उत्पन्न कुटुंबाचे धरले जात असल्यामुळे एकत्र राहणाऱ्या मुलाच्या नावावर जमीन सरकवल्याने दाखला बदलतोच असे नाही. शिवाय 2023 पासून ही रक्कम महिन्याला 1,500 रुपये आहे. त्यासाठी कोणी चार एकर सोडून देत असेल, तर त्याला थांबवले पाहिजे.

दवाखान्याबाबत अर्धे खरे आहे. सत्तरी पार केलेल्या प्रत्येकाला उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान भारतमधून वर्षाला कुटुंबामागे 5 लाख रुपयांपर्यंत उपचार मिळण्याची सोय ऑक्टोबर 2024 पासून झाली आहे आणि ते कार्ड प्रत्येकाने काढून घ्यावे. मात्र ही सोय भरती झाल्यावरची आहे. लकव्याच्या रुग्णाला सुट्टी मिळाल्यानंतर घरी जे लागते, म्हणजे रोजच्या गोळ्या, डायपर, व्यायाम करून घेणारा माणूस आणि तालुक्याच्या फेऱ्या, त्यातले सुट्टीनंतरच्या पहिल्या पंधरा दिवसांची औषधे सोडली, तर काही त्या कार्डात बसत नाही.

ज्यांची मुले खरोखर सांभाळत नाहीत, त्यांनी जमिनीचा विषय बाजूला ठेवून निर्वाहाचा अर्ज थेट उपविभागीय अधिकाऱ्यांकडे करावा. स्वतःला जमत नसेल तर दुसरी व्यक्ती त्यांच्या वतीने करू शकते, नोटीस बजावल्यापासून 90 दिवसांत निकाल अपेक्षित आहे, आणि दरमहा 10,000 रुपयांपर्यंत रक्कम मंजूर होऊ शकते. ज्यांची मुले स्वतःच कर्जात आहेत, त्यांच्यासाठी मात्र असा आदेश कागदावरच राहील, आणि तिथे जबाबदारी सरकारची आहे. म्हातारपणी सार्वजनिक साहाय्य मिळावे यासाठी राज्याने आपल्या आर्थिक कुवतीनुसार तरतूद करावी, असे घटनेचे कलम 41 सांगते. तरीही 60 ते 79 वयाच्या वृद्धासाठी केंद्राचा निवृत्तिवेतनातील वाटा 200 रुपये एवढाच आहे. हा वाटा वाढवावा आणि घरी खिळून असलेल्या वृद्धांची देखभाल करणाऱ्या गावातील बाईला तिच्या श्रमाचा मोबदला सरकारने द्यावा, असे दोन ठराव प्रत्येक ग्रामपंचायतीने येत्या ग्रामसभेत घेऊन जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवावेत.