‘सगळ्या कॉलमांना मिळून एकच ब्लूम इंडेक्स पुरे’ या सल्ल्याचा प्रतिवाद

डेटाबेसवर काम करणाऱ्यांमध्ये सध्या एक सल्ला बराच फिरतो आहे. त्याचा आशय असा: पोस्टग्रेस या डेटाबेसमधल्या एखाद्या टेबलला पुष्कळ कॉलम असतील आणि शोध कोणत्या कॉलमवर येईल हे आधी सांगता येत नसेल, तर प्रत्येक कॉलमवर वेगळा बी-ट्री इंडेक्स (ओळी लवकर शोधण्यासाठी मूल्ये क्रमाने लावलेली, झाडासारखी सूची) न ठेवता सगळ्यांवर मिळून एकच ब्लूम इंडेक्स घालावा आणि बाकीचे इंडेक्स काढून टाकावेत. तो लहान असतो म्हणून वेगवान असतो, कॉलमांच्या कोणत्याही जोडणीला चालतो, आणि संभाव्यतेवर आधारलेला असल्यामुळे उत्तरात क्वचित एखादी चुकीची ओळ आली तर तेवढी सोसावी. शिवाय रॉक्सडीबी आणि कॅसँड्रा या डेटा साठवणाऱ्या दुसऱ्या प्रणालींत ब्लूम फिल्टर असतोच, मग इथे का नको, असा दाखलाही सोबत दिला जातो.

चुकीच्या ओळीबद्दलचे विधान सपशेल खोटे आहे, म्हणून ते आधी बाजूला काढू. हा इंडेक्स ब्लूम फिल्टरवर, म्हणजे एखादे मूल्य साठ्यात आहे का हे थोड्या बिटांवरून सांगणाऱ्या चाळणीवर, आधारलेला आहे. बर्टन ब्लूम यांनी १९७० मध्ये मांडलेल्या या रचनेत ‘नाही’ हे उत्तर नेहमी खरे असते आणि ‘असेल’ हे उत्तर कधीकधी खोटे ठरते. पोस्टग्रेस हे जाणून आहे. इंडेक्सने ‘असेल’ म्हटलेली प्रत्येक ओळ टेबलातून वाचून तिच्यावर मूळ अट पुन्हा तपासली जाते आणि न जुळणारी ओळ टाकून दिली जाते. त्यामुळे आर्थिक हिशेबाच्या टेबलावरही हा इंडेक्स बिनधास्त वापरता येतो. खोट्या होकाराची किंमत अचूकतेत चुकवावी लागत नाही, ती वेळेत चुकवावी लागते.

आता ‘लहान म्हणून वेगवान’ हे विधान. या सल्ल्याचा सगळा डोलारा त्यावर उभा आहे आणि नेमके तेच टिकत नाही. पोस्टग्रेस ९.६ पासून मिळणाऱ्या ब्लूम एक्स्टेन्शनमध्ये प्रत्येक ओळीसाठी बिटांची एक छोटी स्वाक्षरी साठवली जाते. तिची लांबी मुळात ८० बिट असते आणि प्रत्येक कॉलमचे मूल्य त्यांतले २ बिट उठवते, म्हणजे १ करते. म्हणजे १० बाइटांची स्वाक्षरी आणि टेबलातल्या ओळीचा ६ बाइटांचा पत्ता, मिळून १६ बाइट. एक कोटी ओळींना साधारण १५३ एमबी झाले. पोस्टग्रेसच्या दस्तऐवजातल्या सहा पूर्णांकी कॉलमांच्या उदाहरणातही हाच आकडा आहे, आणि तिथे सहा वेगळे बी-ट्री मिळून ५३१ एमबी घेतात. इतपत सल्ला बरोबर आहे.

परंतु या स्वाक्षऱ्यांना कोणताही क्रम नसतो. बी-ट्री मुळापासून टोकापर्यंत तीन-चार पाने (डिस्कवर डेटा ठेवण्याचे ठरावीक आकाराचे तुकडे) वाचून हव्या त्या मूल्यापाशी पोहोचतो. ब्लूम इंडेक्सला मात्र दर क्वेरीला आपल्या सगळ्या, म्हणजे वरच्या उदाहरणात एकोणीस हजारांहून अधिक पानांवरून पहिल्यापासून शेवटपर्यंत जावे लागते. अख्खे टेबल वाचण्यापेक्षा ते स्वस्त आहे, पण बी-ट्रीशी त्याची बरोबरी नाही. त्याच दस्तऐवजात दोन कॉलमांवरचा शोध दोन स्वतंत्र बी-ट्री एकत्र करून ब्लूमपेक्षा कितीतरी लवकर संपतो, ही गोष्ट सल्ला पुढे पाठवताना बहुतेकांच्या नजरेतून सुटलेली दिसते.

‘कोणत्याही जोडणीला चालतो’ हे विधान अर्धे खरे आहे. अनेक कॉलमांच्या बी-ट्रीत सुरुवातीच्या कॉलमवर अट नसेल तर इंडेक्सचा फारसा उपयोग होत नाही, ब्लूममध्ये कॉलमांच्या क्रमाला महत्त्व नाही. हा त्याचा खरा गुण. मात्र अटी किती आहेत यावर सगळे अवलंबून असते. सहा कॉलमांनी दोन-दोन बिट उठवले की ८० पैकी सुमारे १४ टक्के बिट उठलेले असतात. एकाच कॉलमवर शोध घेतला तर दोन बिट योगायोगाने उठलेले असण्याची शक्यता त्या १४ टक्क्यांच्या वर्गाइतकी, म्हणजे जवळपास २ टक्के. एक कोटी ओळींत हे सुमारे दोन लाख खोटे होकार झाले. त्या टेबलाची पाने साधारण चौसष्ट हजार, म्हणजे सरासरीने प्रत्येक पानावर तीन खोटे होकार, आणि ते विखुरलेले असल्याने टेबलाची सुमारे ९५ टक्के पाने उघडावी लागतात. संपूर्ण इंडेक्स वाचून झाल्यावर वर जवळजवळ संपूर्ण टेबल! सरळ टेबलच वाचले असते तर इंडेक्सचा फेरा तरी वाचला असता.

दोन कॉलमांच्या अटीला खोट्या होकारांचा हाच आकडा चार हजारांच्या आत येतो आणि तीन कॉलमांना शंभराच्याही खाली जातो. अटी तीन-चार असतात तिथेच हा इंडेक्स शोभतो. एकेका अटीच्या क्वेरी वरचेवर येत असतील तर स्वाक्षरी १६० बिटांची करून प्रत्येक कॉलमला ४ बिट देता येतात. मग एका अटीचे खोटे होकारही चार हजारांच्या आत येतात, पण इंडेक्स २५० एमबीच्या घरात जातो आणि तोही दर वेळी पूर्ण वाचावा लागतो. शिवाय ही सगळी सरासरी आहे. हॅश (मूल्यावरून कोणते बिट उठवायचे ते ठरवणारे सूत्र) ठरावीक असल्याने एखाद्या कॉलममध्ये निम्म्या ओळींना एकच मूल्य असेल आणि शोधलेल्या मूल्याचे बिट नेमके त्याच्या बिटांवर पडले, तर त्या निम्म्या ओळी दर वेळी चाळणीतून खाली येतील. ‘स्थिती’सारखे दोन-तीन मूल्यांचे कॉलम या इंडेक्समध्ये घालू नयेत, असे माझे मत यामुळेच आहे.

‘बाकीचे इंडेक्स काढून टाका’ याबद्दल फार लिहावे लागत नाही. ब्लूम इंडेक्स फक्त बरोबरीची अट जाणतो. मर्यादेतला शोध, क्रमवारी, युनिक बंधन (एकच मूल्य दोनदा येऊ न देणे), रिकाम्या मूल्यांचा शोध यांपैकी त्याला काहीही जमत नाही. सोबत मिळणारा आधार केवळ चार बाइटांच्या पूर्णांकाला आणि मजकुराला आहे. तारखेच्या किंवा आठ बाइटांच्या पूर्णांकाच्या कॉलमसाठी ऑपरेटर क्लास (त्या प्रकारची मूल्ये इंडेक्सने कशी हाताळायची हे सांगणारी व्याख्या) स्वतः लिहावा लागतो. नेहमीची प्राथमिक की (प्रत्येक ओळीची एकमेव ओळख) तर बी-ट्रीशिवाय उभीच राहत नाही. फॉरेन कीच्या (दुसऱ्या टेबलातल्या ओळीचा संदर्भ ठेवणाऱ्या) कॉलमवरचा बी-ट्री काढला, तर मूळ टेबलातून एकेक ओळ पुसताना संदर्भ तपासण्यासाठी संपूर्ण ब्लूम इंडेक्स किंवा संपूर्ण टेबल वाचले जाईल. हा फटका लगेच दिसत नाही, पहिली मोठी साफसफाई चालवली की दिसतो.

राहिला रॉक्सडीबीचा दाखला. तिथे एक फिल्टर अनेक कींसाठी (नोंदी शोधण्याच्या खुणांसाठी), म्हणजे पूर्ण फाइलसाठी किंवा तिच्या मोठ्या तुकड्यासाठी असतो आणि त्याच्या एका ‘नाही’मुळे ती फाइल उघडणेच टळते. दर कीला सुमारे १० बिट दिले की खोट्या होकारांचे प्रमाण एका टक्क्याच्या आसपास राहते. पोस्टग्रेसच्या ब्लूम इंडेक्समध्ये फिल्टर दर ओळीला वेगळा आहे आणि प्रश्न प्रत्येकाला विचारावा लागतो. नाव एक असले तरी कामाची जागा निराळी. रॉक्सडीबीच्या जवळचा प्रकार हवाच असेल तर तो ब्रिन इंडेक्सच्या (पानांच्या एकेका पट्ट्याचा सारांश ठेवणाऱ्या इंडेक्सच्या), पोस्टग्रेस १४ मध्ये आलेल्या ब्लूम क्लासमध्ये आहे. तिथे मुळात १२८ पानांच्या, म्हणजे १ एमबीच्या पट्ट्याला एक फिल्टर असतो. एकाच वेळी आलेल्या ओळी एकमेकींजवळ पडतात आणि एका मूल्याच्या ओळी थोड्याच पट्ट्यांत सापडतात, अशा टेबलावर तो उत्तम चालतो. मात्र पट्ट्यातली ओळ पुसली तरी तिचे बिट फिल्टरमध्ये तसेच राहतात आणि त्या पट्ट्याचा सारांश नव्याने करेपर्यंत जात नाहीत. दर ओळीला स्वाक्षरी असलेल्या इंडेक्सला हा त्रास नाही, तिथे व्हॅक्यूम, म्हणजे पोस्टग्रेसची साफसफाईची क्रिया, मेलेल्या ओळीची नोंद काढून टाकतो.

तेव्हा बी-ट्री काढण्याआधी आपल्या खऱ्या क्वेरी एक्सप्लेन ॲनलाइझ (क्वेरी प्रत्यक्ष चालवून तिच्या कामाचा तपशील दाखवणारी आज्ञा) लावून चालवाव्यात आणि फेरतपासणीत किती ओळी गळल्या तो आकडा पाहावा. परत आलेल्या ओळी दहा आणि गळलेल्या दोन लाख असे चित्र असेल, तर त्या क्वेरीसाठी बी-ट्री जागेवरच राहू द्यावा.