स्पिटफायरची मावसबहीण

आमच्याकडे स्पोर्ट्सकार आहे असं मी चारचौघांत म्हटलं, की बायको आतून ओरडते, "अहो, हेराल्ड आहे ती, हेराल्ड!"

तिचं खरं आहे. गाडी स्टँडर्ड हेराल्ड, १९६६ची, मद्रासला बनलेली, दोन दारांची, ९४८ सीसीची. पण माझंही अगदी खोटं नाही. मूळ हेराल्डही जिची, त्या ब्रिटनच्या ट्रायम्फ कंपनीने १९६२ साली स्पिटफायर नावाची बुटकी, उघड्या टपाची, देखणी स्पोर्ट्सकार काढली, ती या हेराल्डचीच चेसिस आखूड करून. दोघींचं रूपडं काढणारा माणूसही एकच, इटलीचा जोव्हान्नी मिकेलॉत्ती. म्हणजे ही झाली मावसबहीण. नात्यातलं कुणी कलेक्टर झालं तर आपण तीन पिढ्या सांगत फिरतो. मग मी एवढं म्हटलं तर काय बिघडलं?

बिघडतं ते पासिंगच्या वेळी. खासगी गाडीची पहिली पंधरा वर्षं सुखाची. पुढे दर पाच वर्षांनी तिला इन्स्पेक्टरसमोर उभं करून ती अजून गाडीच आहे हे सिद्ध करावं लागतं. शिवाय दर सहा महिन्यांनी पीयूसी. तिथे पोरगा सायलेन्सरमध्ये नळी खुपसतो आणि आम्ही दोघं मशीनकडे बघत बसतो, दहावीच्या निकालाला बसल्यासारखे. इतक्या जुन्या पेट्रोल गाडीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के. आमचे मेस्त्री आदल्या दिवशी कार्ब्युरेटरचा स्क्रू अर्धा आटा पिळून देतात. त्यामुळे धूर कमी होतो, पण सिग्नलला गाडी बंद पडते. बंद गाडीचं प्रदूषण शून्य, असं मेस्त्रींचं म्हणणं.

या मेस्त्रींवर माझा जीव आहे, एक गोष्ट सोडून. हेराल्डच्या पुढच्या चाकांना पितळी ट्रनियन असतात, म्हणजे चाक वळतं ते सांधे. त्यांना ग्रीस चालत नाही, गिअरचं पातळ तेलच घालावं लागतं. हे मी त्यांना तीस वर्षं सांगतोय. ते मान डोलावतात, "बरोबर आहे काका" म्हणतात आणि ग्रीस भरतात.

२०२२ साली पासिंगची पाळी आली. त्याच एप्रिलात नूतनीकरणाची फी ६०० रुपयांवरून ५,००० वर गेली होती, त्यामुळे घरात आधीच वातावरण तापलेलं. दोन महिने तयारी चालली. एक बुश, म्हणजे सांध्यात बसणारी छोटी नळी, सगळ्या महाराष्ट्रात मिळेना, तेव्हा इथल्या, नाशिकच्या सातपूरच्या एका लेथवाल्याने जुना हातात घेऊन, डोळ्यांपाशी नेऊन, एकही प्रश्न न विचारता तसाच नवा उतरवून दिला. पॉलिश झालं. दोरीला लिंबू-मिरची बांधली.

मैदानावर आमच्या पुढे दोन ट्रक, एक स्कूल व्हॅन आणि रिक्षांची रांग. एक रिक्षावाला गाडीभोवती फेरी मारून आला आणि म्हणाला, "बाबा, ही इलेक्ट्रिक का?"

इन्स्पेक्टर तरुण होता, माझ्या मुलाच्या वयाचा, बोलायला गोड.

"काका, बॉनेट उघडा."

आता हेराल्डचं बॉनेट ही एक वेगळीच भानगड आहे. दोन्ही बाजूंच्या कड्या सोडल्या की मडगार्ड, दिवे, नाक, सगळंच्या सगळं एकसंध पुढच्या बाजूला कलंडतं. मागे उरतात ते उघडं इंजिन आणि दोन उघडी चाकं. साहेब दोन पावलं मागे सरकले.

"काका, बॉनेट उघडायला सांगितलं, गाडी सोलायला नाही."

मी अभिमानाने सांगितलं की या गाडीत पुढच्या टायरवर मुड्यावर बसावं तसं बसून इंजिनचं काम करता येतं. हे ऐकून तो मघाचा रिक्षावाला खरोखरच टायरवर बसला आणि तंबाखू मळू लागला.

मग चेसिस नंबरचा छाप. पेन्सिलने घासायचं आणि वर सेलोटेप चिकटवून आकडे उचलायचे. आमच्या गाडीला साठ वर्षांत सात वेळा रंग लागलाय. साहेबांनी घासलं, टेप उचलली, उजेडात धरली. तिच्यावर मधला आठ तेवढा स्पष्ट दिसत होता. रॉकेलचा बोळा, पॉलिशपेपर, पुन्हा पेन्सिल, असं अर्धा तास चाललं.

पुढे दिवे. "ब्रेक दाबा," साहेब मागून ओरडले. मी दाबला.

"काका, ब्रेक म्हणालो. डावीकडे वळायला नाही सांगितलं."

मागच्या दिव्याला अर्थिंग नीट मिळत नव्हतं, म्हणून ब्रेकचा करंट वाट चुकून इंडिकेटरला भेटायला जात होता. मेस्त्रींनी पुढे होऊन दिव्यावर एक चापट मारली. दोन्ही दिवे गेले.

यानंतर ब्रेकची चाचणी. मैदानात गाडी पळवायची आणि इशाऱ्यावर थांबवायची. मी थांबवली, मुद्दाम जरा रुबाबातच. नाक खाली गेलं, शेपूट वर आलं आणि साहेबांचा चेहरा बदलला.

"मागची चाकं वाकडी आहेत."

"जन्मजात आहेत साहेब."

मला हे प्रत्येक पासिंगला समजावून सांगावं लागतं. हेराल्डचा मागचा एक्सल अखंड दांडा नाही. मधल्या डिफरन्शियलपासून, म्हणजे गिअरच्या डब्यापासून, दोन बाजूंना दोन अर्ध्या दांड्या, आणि दोघींच्या डोक्यावर स्प्रिंगचा एक आडवा पाटा. वजन कमी झालं की चाकं खालून आत येतात. उचललेली कोंबडी पाय पोटाशी घेते, तसं. ज्याला ठाऊक नाही त्याला वाटतं, गाडी आता मांडी घालून बसणार. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. "स्पिटफायरलाही हेच होतं," असं मी जोडून दिलं. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं, ते मात्र स्पिटफायर नव्हतं.

परत येताना मी सूड घेतला. हेराल्ड २५ फुटांत पूर्ण वळते. जिथे ट्रक तीनदा मागेपुढे करून वळले होते, तिथे मी स्टिअरिंग पूर्ण फिरवलं आणि गाडीने फुगडी घालावी तशी जागच्या जागी गिरकी घेतली. रिक्षावाल्यांनी शिट्ट्या मारल्या. पण फॉर्मवर गिरकीला रकाना नाही.

एवढ्यावर निभावलं असतं, पण साहेब वाकले आणि टॉर्च घेऊन गाडीखाली डोकावले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग मान तिरकी करून, उलटं लिहिलेलं वाचावं तसं वाचू लागले, "शेंगदाणा तेल... निव्वळ वजन १५ किलो."

नाशिकला पाऊस किती झाला हे शहर गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागलं त्यावरून ठरवतं. आम्ही ड्रायव्हरच्या चपला बुडाल्या का त्यावरून. तळाचा पत्रा गंजून गेला तेव्हा मेस्त्रींनी घरातला रिकामा डबा कापून ठोकला होता. तात्पुरता. २००९ साली.

साहेब उठले, गुडघे झटकले आणि गंभीरपणे विचारलं, "फिल्टर की रिफाइंड?"

गाडी नापास झाली. अर्थिंग, तळ आणि रिफ्लेक्टर दुरुस्त करून आठ दिवसांनी या.

संध्याकाळी भाच्याचा फोन. तो नोकरीला कॉव्हेंट्रीत असतो, म्हणजे हेराल्डच्या थेट माहेरी. म्हणाला, "मामा, इकडे ही तपासणी १९६० पासून आहे. पण २०१८ पासून चाळिशी ओलांडलेल्या गाडीला सूट आहे, मोठे बदल केलेले नसले की झालं." मी फोन ठेवला. मोठे बदल केलेले नसले की. शेंगदाणा तेलाचं काय समजायचं?

निघताना साहेबांनी एक सल्लाही दिला होता. पन्नास वर्षांवरच्या गाडीला २०२१ पासून विंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते, व्हीए अक्षरांची नंबरप्लेट मिळते. मी रात्री नियम वाचून दाखवला. तशी गाडी रोज वापरता येत नाही. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, रॅली, देखभाल आणि इंधन भरणं, एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची.

"मग रविवारची मिसळ?" बायकोने विचारलं.

"नाही बसत."

"का नाही? इंधन भरणं."

हे कुठल्या साहेबाला पटवून देण्याची माझी छाती नाही, म्हणून साध्या नोंदणीवरच राहिलो. आठ दिवसांनी नवा पत्रा ठोकून पुन्हा मैदानात उभे राहिलो. साहेबांनी या वेळी आधी खालीच डोकावलं. मला वाटलं, थोडे हिरमुसले. पण सही केली.

मुदत २०२७ पर्यंत. त्याच सुमारास नाशिकला सिंहस्थ. अख्खा देश पापं धुवायला गोदावरीवर येईल, तेव्हा आम्ही पुन्हा मैदानात. तोवर ट्रनियनला कुणी ग्रीस भरलं नाही म्हणजे मिळवली.