शिस्त नव्हे, रुंदी

खडकवासल्याहून फुरसुंगीपर्यंत मुठा उजव्या कालव्याचं पाणी बोगद्यातून न्यायची योजना आली, तेव्हापासून पुण्यात एक चर्चा अधूनमधून उकळी घेते. कालवा मोकळा झाला की त्या जागेचं काय करायचं? कुणी म्हणतं, रस्ता. कुणी म्हणतं, चालायला, पळायला आणि सायकलला मिळून एक सलग वाट. मग तिसरा कुणीतरी, बहुधा परदेशवारी करून आलेला, शांतपणे वाक्य टाकतो: ‘तिकडे चालतं हो ते. आपल्या लोकांना शिस्त नाही.’ झालं, विषय संपला. त्या ‘तिकडे’च, अमेरिकेतल्या सिअ‍ॅटलमध्ये, राहत असल्यामुळे हे वाक्य मला फार झोंबतं. इथल्या लोकांच्या अंगी काही खास शिस्त आहे, असं इथल्या कुणाचंच मत नाही.

सिअ‍ॅटलचा बर्क-गिलमन ट्रेल घ्या. चालणारे, पळणारे आणि सायकलवाले यांची मिळून एकच वाट, बॅलार्डपासून बॉथेलपर्यंत सुमारे 20 मैल. रविवारी सकाळी गॅस वर्क्स पार्कच्या बाजूला उभं राहून बघा. ढकलगाडीतलं बाळ, मोबाइलमध्ये डोकं घातलेला विद्यार्थी, मॅरेथॉनची तयारी करणारे सहाजण, मागे-पुढे पळणारा कुत्रा आणि या सगळ्यांतून वाट काढणारी ई-बाइक. चौघीजणी आडव्या पसरून गप्पा मारत चालतात. बुटाची नाडी बांधायला लोक भर वाटेत खाली बसतात. सारसबागेबाहेर दिसणारं सगळं इथे दिसतं, भेळ सोडून. तरी रोज अपघात होत नाहीत, याचं कारण माणसांत शोधू नका. जमिनीवर टेप टाकून शोधा.

दोन माणसं शेजारी चालली की सव्वा ते दीड मीटर जातो. सायकलस्वाराला हँडल आणि डुलणं धरून एक मीटर लागतो, समोरून येणाऱ्या सायकलला आणखी एक. बेरीज साडेतीन मीटरच्या आसपास. अमेरिकेत मिश्र वाटेला साधारण 10 फूट, म्हणजे तीन मीटर, ही किमान रुंदी धरतात; वर्दळ असेल तर 11 ते 14 फूट. तो अकरावा फूट महत्त्वाचा. तिथपासून वाट तीन पदरांसारखी वागू लागते: एकजण पुढच्याला ओलांडत असताना समोरून तिसरा येऊ शकतो, आणि कुणालाच ब्रेक मारावा लागत नाही. दोन मीटरच्या पट्ट्यात दोन चालणारे आले की उरतो अर्धा मीटर. तिथे सायकलवाला घंटी बडवणारच, चालणारा वैतागणारच. मग दोघंही पेपरला पत्र लिहिणार की शिस्त नाही.

पुण्यात अनेक ठिकाणी सायकल ट्रॅक म्हणजे पदपथाचाच कापलेला तुकडा. इंडियन रोड्स काँग्रेसची पादचाऱ्यांसाठीची मार्गदर्शिका नुसत्या चालण्यासाठी किमान 1.8 मीटर मोकळी रुंदी मागते. मोकळी म्हणजे त्यात विजेचा डीपी बॉक्स नाही, झाड नाही, बसथांबा नाही. तेवढीही जागा नसलेल्या पदपथावर रंगाची रेघ मारून दोन वाटा केल्या, की एकही धड होत नाही. वर पेव्हर ब्लॉक. ते दोन पावसाळ्यांत खचतात, कडा वर येतात, आणि सायकलच्या बारीक टायरला प्रत्येक सांध्यावर ठोका बसतो. त्यात चेंबरचं झाकण इंचभर खाली किंवा वर. सायकलवाला शेवटी रस्त्यावर उतरतो, आणि आपण म्हणतो, ट्रॅक कुणी वापरतच नाही.

दुचाकी आत शिरू नये म्हणून तोंडाशी लोखंडी नळ्यांची अडवणूक करतात, तोही असाच प्रकार. साध्या सायकलचं हँडल आणि स्कूटरचं हँडल यांच्या रुंदीत जेमतेम काही सेंटिमीटरचा फरक. स्कूटर अडेल इतकी फट ठेवली की व्हीलचेअर, बाळाची गाडी आणि सायकलही अडते. खांब रोवायचाच असेल तर तो मोटारगाडीसाठी: दोन खांबांत दीड मीटर अंतर, खांबावर अंधारात चमकणारी पट्टी. आणि खांबांची संख्या विषम, एक किंवा तीन. दोन रोवले की जाणारे-येणारे दोघेही मधल्या फटीत घुसतात आणि तिथेच टकरा होतात.

मग स्कूटर अडवायची कशी? ती पदपथावर चढते तेव्हा शेजारी रस्ता तुंबलेला असतो आणि दर वीस मीटरवर सोसायटीच्या फाटकाचा उतार तयार असतो. वाट रस्त्याला चिकटलेली नसेल, आत शिरायच्या जागा मोजक्या असतील आणि तिथून गेल्याने कुणाचा फेरा वाचत नसेल, तर स्कूटरला तिथे काम काय? थोडे शिरतील. थोडे इथेही शिरतात. बर्क-गिलमनला हे आयतं मिळालं, कारण तिथे आधी रेल्वे होती. बर्क आणि गिलमन हे दोघं त्या रेल्वे कंपनीचे संस्थापक. 1971 मध्ये रेल्वेने तो मार्ग सोडायला काढला, 1978 मध्ये त्यावर ट्रेल सुरू झाला. आगगाडीला चढ चालत नाही, तीव्र वळण चालत नाही, पावलापावलावर चौक चालत नाही. सायकलला आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाला तरी दुसरं काय हवं असतं?

आणि कालवा तर रेल्वेपेक्षाही सपाट. पाणी आपल्या वजनाने हळूहळू पुढे जावं म्हणून कालव्याला हजारो मीटरला एखादा मीटर इतकाच उतार देतात. मुठा उजव्या कालव्याचा काठ म्हणजे डोंगर-टेकड्यांच्या शहरातून गेलेली जवळजवळ समपातळी रेघ. अशी आखणी आज कुठल्याही महापालिकेला कितीही पैसे ओतून विकत घेता येणार नाही. तिच्यावर रस्ता करणं म्हणजे पैठणीचं पायपुसणं करणं.

मला माहीत आहे, पुढचा मुद्दा तयार आहे: काठावर वस्त्या आहेत, रात्री तिथे जायची सोय नाही, चोऱ्या होतील. नेमकं हेच सत्तरच्या दशकात ट्रेललगतच्या लेक वॉशिंग्टन तळ्याच्या काठावरचे घरवाले म्हणत होते. ट्रेलने गुन्हे वाढतील, घरांच्या किमती पडतील. शहराच्या अभियांत्रिकी खात्याने 1987 मध्ये त्याचा अभ्यास केला. गुन्हे वाढल्याचं दिसलं नाही, आणि ट्रेलच्या जवळची, पण अगदी लागून नसलेली, घरं सरासरी 6 टक्के जास्त भावाने विकली जात होती. वस्त्यांचा प्रश्न मात्र या आकड्याने सुटत नाही. 27 सप्टेंबर 2018 ला पुण्यात हा कालवा फुटला तेव्हा पाणी दांडेकर पुलाजवळच्या घरांत घुसलं होतं. ज्यांनी ते सोसलं त्यांना हटवून तिथे आपण टी-शर्ट घालून पळायचं, असा बेत असेल तर त्याला माझाही विरोध आहे. त्या घरांतली मुलं शाळेला आणि बाया कामाला सुरक्षित जातील अशी वाट असेल, तरच ती वाट.

इथलं सगळं गोड आहे असंही नाही. ट्रेलकडेच्या बेघरांच्या तंबूंचे फोटो मला कुणी पाठवायची गरज नाही, ते पाठ आहेत. बॅलार्डमध्ये सुमारे 1.4 मैलांचा तुकडा जोडायचा राहिला आहे, आणि कारखानदार, शहर, सायकलवाले यांचं त्यावरचं भांडण वीसेक वर्षं कोर्टकचेऱ्यांत फिरलं. सदाशिव पेठेला लाजवेल इतकी चिकाटी. तोवर सायकलस्वार बॅलार्ड ब्रिजखालच्या रुळांवर आपटत राहिले. रूळ तिरका ओलांडला की पुढचं चाक रुळालगतच्या खाचेत शिरतं, हँडल वळत नाही, आणि माणूस खांद्यावर पडतो. रूळ काटकोनात ओलांडायचा, किमान साठ अंशांत. पाऊस असेल तर रुळावर असताना ना ब्रेक, ना पेडल. वाटेवरच्या पावसाळी गटारांच्या जाळ्यांनाही हाच नियम. जाळीच्या पट्ट्या प्रवासाच्या दिशेला आडव्या हव्यात, उभ्या असतील तर तो टायर गिळणारा सापळा. पुण्यात उभ्या जाळ्या दिसल्या की माझा हात आपोआप ब्रेककडे जातो.

देखभालीचं मात्र कौतुक करीन. झाडाच्या मुळाने डांबर उचललं की आधी त्याभोवती रंगाने खूण होते, मग कधीतरी दुरुस्ती. ‘फाइंड इट, फिक्स इट’ या शहराच्या तक्रार-अ‍ॅपवर फोटो टाकला की निदान नोंद तरी होते. नोव्हेंबरमध्ये मेपलच्या ओल्या पानांचा थर साबणासारखा असतो. तो झाडला नाही तर रुंदी, उतार, सगळं शास्त्र वाया. आपल्याकडे हेच काम पहिल्या पावसातल्या शेवाळाचं आणि चिखलाचं. वाटेला आडवा उतार द्यायचा तो दोन टक्क्यांच्या आत. त्याहून जास्त दिला तर व्हीलचेअर एका बाजूला ओढली जाते, आणि अजिबात नाही दिला तर पाणी साचतं. बाजूला अर्धा-पाऊण मीटर मुरमाची कड ठेवा. पळणारे आपणहून त्या मऊ कडेवर उतरतात, कुणी सांगावं लागत नाही. यालाच पुढे लोक शिस्त म्हणतात.

राहिला घंटीचा प्रश्न. किंग काउंटीच्या, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या, ट्रेलवर वेगाची मर्यादा ताशी 15 मैल, म्हणजे 24 किलोमीटर. चालणारा ताशी 5 ने जातो. फरक सेकंदाला पाच मीटरहून थोडा जास्त. पंधरा मीटर आधी घंटी वाजवली तर पुढच्याला जवळजवळ तीन सेकंद मिळतात, ऐकायला, समजायला आणि एका बाजूला सरकायला. पाच मीटरवर वाजवली तर एकच सेकंद, आणि त्यात माणूस फक्त दचकतो. म्हणून लांबून, एकदाच, हलकी वाजवायची आणि वेग कमी करायचा. पळणाऱ्याने वळायच्या आधी खांद्यावरून मागे बघायचं. थांबायचं असेल तर आधी वाटेबाहेर, मग नाडी. कुत्र्याचा पट्टा आखूड. लांब सुटणारी दोरी म्हणजे वाटेवर ताणलेली तार.

इथे घंटीऐवजी बरेचजण ओरडतात: ‘ऑन युअर लेफ्ट!’ इथे उजवीकडून चालायचं आणि डावीकडून पुढे जायचं असतं. पण ‘लेफ्ट’ ऐकून नवखा माणूस नेमका डावीकडे सरकतो, म्हणजे सायकलच्या तोंडी. तेव्हा कालव्यावर ‘उजवीकडून!’ असा मराठी अवतार कृपा करून काढू नका. घंटीच बरी.

आणि इथे आमचं पितळ उघडं पडतं. पुण्यात काय असावं हे आम्ही इथून, कुणी विचारलेलं नसताना, तावातावाने सांगतो. कर तिथे भरत नाही, धूळ तिथली खात नाही. तिकडे आल्यावर डावीकडून चालायचं हे डोक्याला नीट माहीत असतं, पण पायांना इतक्या वर्षांत उजवीकडची सवय लागलेली असते. कालव्याची वाट झालीच, तर तिच्यावर पहिले चार दिवस चुकीच्या बाजूने चालणारे, आणि ज्यांच्यासाठी मागून घंटी वाजेल ते, बहुधा आम्हीच असू.