उतू नका, मातू नका, रिफॅक्टर करू नका

रिफॅक्टर करणं म्हणजे चालू कोडचं काम तेच ठेवून त्याची घडी नीट बसवणं. ते टाळायचं कसं, ऐका. नवीन फीचर आलं की त्याच्यासारखं जुनं काय आहे ते आधी शोधा. वापरायला नव्हे हो, उचलायला. कंट्रोल-सी, कंट्रोल-व्ही, दोन व्हेरिएबलांची नावं बदला आणि टिकिट 'डन'मध्ये ढकला. जुन्या फंक्शनला हात लावू नये, त्यात कुणाचा जीव अडकलाय कुणास ठाऊक. नव्याला शेजारचं नाव द्यावं: कॅल्क्युलेटटॅक्स, कॅल्क्युलेटटॅक्सन्यू, कॅल्क्युलेटटॅक्सन्यू२ आणि शेंडेफळ म्हणून कॅल्क्युलेटटॅक्सफायनल. "यातलं बिलाला कुठलं लागतं?" असं नव्या पोरानं विचारलं तर "डिबग करून बघ" म्हणायचं. सिनियर असल्याचा भास होतो.

फंक्शन तोडू नका, मारुतीच्या शेपटासारखं वाढू द्या. सेव्हबिल नावाच्या फंक्शननं बिल तर सेव्ह करावंच, पण स्टॉक कमी करावा, उधारी वाढवावी, एसएमएस पाठवावा, पीडीएफही काढावी. इफच्या पोटात इफ, त्याच्या पोटात फॉर, असं करत कोड स्क्रीनच्या उजव्या कडेला टेकला पाहिजे. अधूनमधून 'स्टेप ४ सुरू', 'स्टेप ४ संपली' अशा कॉमेंट पेराव्यात. (त्या स्टेपचं वेगळं फंक्शन करून त्याला नाव देता आलं असतं, पण मग कॉमेंट लिहिणाऱ्यांनी जायचं कुठं?)

टेस्ट लिहू नका. एवढ्या लांब फंक्शनची टेस्ट लिहिताच येत नाही, त्यामुळे तो प्रश्न आपोआप मिटतो.

सोनारक्यूबला, म्हणजे कोडमधले दोष शोधणाऱ्या टूलला, घाबरू नका. नव्या कोडमध्ये तीन टक्क्यांपेक्षा जास्त डुप्लिकेशन सापडलं की त्याचं मुळातलं क्वालिटी गेट, म्हणजे पास-नापासची चाचणी, लाल होतं. त्यावर उतारा आहे. सीपीडी एक्सक्लुजन नावाचं, म्हणजे 'इथलं डुप्लिकेशन मोजू नको' असं सांगणारं सेटिंग असतं, त्यात अख्खं बिलिंगचं फोल्डर घाला. गेट हिरवं, मॅनेजर खूश, स्क्रीनशॉट थेट क्लायंटच्या प्रेझेंटेशनमध्ये.

एआयला "असंच अजून एक दे" म्हणा. "अहो, हे आधीच आहे की" असं तोंडावर सांगायची त्याची सहसा हिंमत होत नाही.

आता मुख्य उपदेश. टक्केवारी थेट कोडमध्ये ठोका, आणि जिथं लागेल तिथं नव्यानं ठोका. जीएसटी काय रोज बदलतो? २०१७ पासून तुपावर १२ टक्के म्हणजे १२ टक्के! मग येतो २२ सप्टेंबर २०२५. तूप-लोणी १२ वरून ५, बिस्किटं १८ वरून ५, सिमेंट २८ वरून १८. निर्णय ३ सप्टेंबरलाच जाहीर झाला होता. दर एका टेबलात असते तर चहा गार व्हायच्या आत काम उरकलं असतं. आमच्या दुकानांच्या बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये काय झालं? एका महाभागानं अख्ख्या प्रोजेक्टवर ०.१२ चं ०.०५ केलं. वा! पण बिलावर सीजीएसटी आणि एसजीएसटी निम्मा-निम्मा छापतात, आणि तिथं कॉपी करणाऱ्यानं ०.०६ लिहून ठेवलेलं. ०.१२ शोधणाऱ्याला ०.०६ सापडणार कसं? वर एकूण कर पाच टक्के, खाली सीजीएसटी सहा, एसजीएसटी सहा. तुपाचा डबा एकच! तिसऱ्या प्रतीत १२ भागिले १००. चौथीत दर चक्क स्ट्रिंगमध्ये. २२ तारखेच्या आधी १२ टक्क्यांनी विकलेला माल परत आला तर क्रेडिट नोट १२ टक्क्यांचीच निघायला हवी, तिथंही ०.०५ जाऊन बसलं, कारण रिप्लेस ऑलला तारीख कळत नाही. वर एक प्रत प्रत्येक ओळीवर राउंड करते, दुसरी शेवटच्या बेरजेवर, म्हणून रुपया-दोन रुपयांचा फरक. बरोबर कुठली? ते ज्याला माहीत होतं तो आता दुसऱ्या कंपनीत टेक लीड आहे.

गेल्या आठवड्यात अजून एक प्रत निघाली. कोटेशनच्या प्रिंटमध्ये. दर बदलून एवढा काळ लोटल्यावर! दुकानदारानं सपोर्टच्या मुलीला झापलं, ती रडकुंडीला येऊन माझ्याकडे आली, आणि ज्याचं नाव गिट ब्लेममध्ये (कुठली ओळ कुणी लिहिली त्या यादीत) येतंय तो रोजच्या स्टँडअप मीटिंगला म्हणतो, "माझ्या मशिनवर बरोबर येतंय."

बास झाली गंमत. कोड कॉपी केला की त्यातली चूकही कॉपी होते, एवढं साधं कळत नाही? एप्रिल २०१४ मधलं हार्टब्लीड नावाचं सुरक्षेतलं भगदाड आठवतंय ना? इंटरनेटवरचा संवाद गुप्त ठेवणाऱ्या ओपनएसएसएल या लायब्ररीत समोरच्यानं सांगितलेली लांबी तपासायची राहिली होती. जवळपास तोच कोड टीएलएस या प्रोटोकॉलसाठी एका फाइलमध्ये आणि त्याचा भाऊ डीटीएलएससाठी दुसऱ्या फाइलमध्ये होता, म्हणून दुरुस्ती दोन्हीकडे करावी लागली. त्यांना निदान दोन्ही जागा माहीत होत्या. तुमच्या किती आहेत, सांगता येईल?

पीएमडीचं सीपीडी हे कॉपी केलेला कोड शोधणारं टूल फुकट मिळतं, चालवा की. पण यादी आली म्हणून सगळंच एका 'कॉमन युटिल'मध्ये कोंबून त्याला डझनभर फ्लॅग (हो-नाहीचे खटके) लावू नका, तो वेगळाच रोग आहे. तुपावरचा ५ टक्के कर आणि जुन्या गिऱ्हाइकाची ५ टक्के सूट दिसायला सारखीच. एक बदलला तर दुसरी बदलायलाच हवी का, एवढं स्वतःला विचारा. नसेल तर वेगळं राहू द्या. असेल तर आधी जुनी बिलं काढून त्यांचे आकडे टेस्टमध्ये पक्के करा, आणि मगच फंक्शन वेगळं काढा. इंटेलिजे या कोड एडिटरमध्ये कंट्रोल-आल्ट-एम दाबलं की तेही आयतं होतं. आणि ते वेगळ्या कमिटमध्ये (बदलांच्या वेगळ्या नोंदीत) करा! त्यातच नवं फीचर घुसडलं तर काय मोडलं ते शोधायचं कुणी, मी?

'सध्यापुरतं केलंय, नंतर क्लीन करू.' त्या 'नंतर'चं टिकिट कुठाय? नंबर दाखवा. नसेल तर माझ्याकडे अप्रूव्हल मागायला येऊ नका, रिलीज आज रात्री असलं तरी.