आमचा गट पिवळा आलाय का बघा की

आमच्या गावाचं भविष्य सध्या माझ्या मोबाईलमध्ये आहे आणि ते झूम केलं की हँग होतं.

झालं असं की शहर वाढत वाढत आमच्या ओढ्यापर्यंत आलं आणि वरून प्रारूप विकास आराखडा, म्हणजे कुठल्या जमिनीवर काय करायचं त्याचा कच्चा नकाशा, जाहीर झाला. नकाशाची पीडीएफ एवढी जड की बऱ्याच जणांच्या फोनवर उघडेचना, माझ्या फोनवर उघडली, संपला विषय. तेव्हापासून मी दात घासत असलो तरी गेटवर कुणीतरी उभं असतंच. "सर, आमचा गट पिवळा आलाय का बघा की." गट म्हणजे गट नंबरची जमीन, पिवळा म्हणजे रहिवासी झोन, हिरवा म्हणजे शेती. हिरव्यात भाव एकराने निघतो, पिवळ्यात गुंठ्याने, आणि एकरात गुंठे ४० असतात हे गणित आमच्याकडे शाळेचं तोंड न बघितलेला माणूसही झोपेत सांगतो. गट पिवळा निघाला की माणूस मला चहाला ओढून नेतो, हिरवा निघाला की असा बघतो जसं काय रात्री बसून मीच रंगवलाय. एक काकू तर म्हणाल्या, जरा ब्राइटनेस वाढवून बघा. वाढवला. आणखी हिरवा दिसला.

मग ग्रामसभा लागली. एरवी आमच्याकडे कोरमची बोंब. १५ टक्के मतदार किंवा १०० जण, यातलं जे कमी असेल तेवढे लागतात, तेवढेही येत नाहीत, मग सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला कोरम लागत नाही, त्यामुळे गावाची लोकशाही बहुतेक तहकुबीवरच चालते. या वेळी मात्र देवळासमोर चप्पल काढायला जागा नव्हती.

पहिले तात्या उठले. विकास पाहिजेच, पण हिरवाई टिकली पाहिजे म्हणाले. टाळ्या! आता तात्यांचा गट पिवळ्यात आहे हे मला माहीत (दोनदा बघून गेलेत), हिरवाई त्यांना टिकवायचीय ती नानांच्या रानात. नाना म्हणजे त्यांचे सख्खे धाकटे भाऊ. नाना उठून म्हणाले, १८ मीटरचा रस्ता झालाच पाहिजे, पोरांच्या भविष्याचा प्रश्न आहे, फक्त तो माझ्या विहिरीवरून नेण्यापेक्षा तात्यांच्या गोठ्यावरून नेला तर सरळ पडतो. त्यावरून विषय जो घसरला तो थेट बांधावरच्या बोरीपर्यंत, बोरं कुणी खाल्ली इथपर्यंत. भाऊसाहेब प्रोसिडिंग लिहायचे थांबून पान खायला लागले.

तेवढ्यात प्लॉटिंगमधली मंडळी उठली. यांनी एकेक गुंठा तुकडेबंदीत, म्हणजे जमिनीचे लहान तुकडे विकायच्या बंदीत, अडकायचा म्हणून ११ जणांत मिळून ११ गुंठे सामाईक सातबाऱ्यावर घेतले, घरं बांधली, आता २००१ च्या गुंठेवारी कायद्यात नियमित व्हायची वाट बघतायत. त्यांचं म्हणणं, आता अजून प्लॉटिंग नको, गावाचं गावपण जातं, टँकर पुरत नाही. टँकरचं खरंच आहे हो, पण मागून आवाज आला की दादा, तुमच्या घराखाली आमचा हरभरा होता.

एक जण दरवेळी मगरपट्ट्यावर येतो, याही वेळी आला. हडपसरच्या शेतकऱ्यांनी बिल्डरला जमीन विकली नाही, शंभरावर कुटुंबांनी मिळून ४०० एकर एकत्र केली, स्वतःच कंपनी काढली, आपण का नाही करायचं? मला विचाराल तर अख्ख्या सभेत शहाणं बोललेला तो एकटाच. सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि मग तात्या-नाना बोरीवर परत आले.

एकाच मुद्द्यावर गावाचं एकमत झालं, कचरा डेपोचं आरक्षण शेजारच्या गावात टाकावं. एवढ्या लगबगीने हात वर गेलेले मी निवडणुकीतही बघितले नाहीत.

आता १९६६ च्या नगररचना कायद्यात आराखड्यावर लेखी हरकत घ्यायची सोय आहे. घ्यावीच, हक्काची गोष्ट आहे. फक्त ती लिहिणार कोण? ज्याच्याकडे नकाशा तोच. 'सदर गट ओढ्यालगत असून पूरप्रवण असल्याने रहिवासी करू नये' हे मी दुपारी तात्यांच्या वतीने नानांच्या गटाबद्दल लिहिलं. 'सदर गट रस्त्यालगत व उंचावर असल्याने रहिवासी करावा' हे संध्याकाळी नानांच्या वतीने, त्याच गटाबद्दल, त्याच पेनाने. अक्षरही तेच, म्हणजे सुनावणीच्या साहेबांना वाटणार या माणसाचं स्वतःशीच भांडण चाललंय.

तारीख आलीय. दोघंही म्हणतात सर, तुम्ही पाहिजेच. एसटी वेळेत पोचवत नाही म्हणून एकच गाडी ठरवली, पेट्रोल निम्मं निम्मं, वाटेत मिसळ नानांकडून. सगळं ठरलंय, पुढच्या सीटवर कोण बसणार तेवढं सोडून, त्यावर तात्यांची तोंडी हरकत काल रात्रीच येऊन गेली.