आजोबांच्या बैलगाडीबरोबर काय काय असायचं : एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, रामराम.

पावसाळ्यानंतर आडवाटेला गाडी घालण्याआधी काय तयारी करावी, या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंय : "यादी वाचूनच दमलो. विंच, कॉम्प्रेसर, स्नॅच दोर... गाडीपेक्षा सामान महाग! आमचे आजोबा बैलगाडीनं घाट उतरून कोकणात जायचे, त्यांना कुणी यादी दिली नव्हती. उगाच लोकांना भीती घालू नका." तीन दिवस हे मनात घोळतंय. निम्मं पटलं. उरलेल्या निम्म्याला मात्र मी आडवा येणार आहे.

पटलं ते आधी. विंच, म्हणजे अडकलेली गाडी दोरानं ओढून काढणारं यंत्र, यादीत सगळ्यात वर टाकली, ही माझी चूक. ते वाचून एखादा पोरगा कर्ज काढून विंच बसवेल आणि एकटाच दाजीपूरच्या बाजूला निघेल. लेख कालच बदलला. एकट्या गाडीनं जायचं नाही आणि निघण्याआधी घरात चिठ्ठी ठेवायची, या बिनपैशाच्या दोन गोष्टी तळाला गेल्या होत्या, त्या वर आणल्यात.

आता आजोबांचं. माझे आजोबाही गाडीवान. भुदरगडातून गूळ घेऊन फोंडा घाटानं खाली जायचे, येताना मीठ आणि नारळ. त्यांना यादी कुणी दिली नव्हती खरं, पण पाच-सहा गाड्या जमल्याशिवाय त्यांनी घाटात बैल घातले नाहीत. गाडीच्या बुडाला वंगणाचं नळकांडं, जादा दोर, चाकामागं दगड लावायला पायी चालणारा एक गडी. खालून वर येणाऱ्या गाडीवानाला "ओढ्याला पाणी किती?" असं विचारल्याशिवाय पुढं पाऊल नाही. मुक्काम कुठं आणि परत कुठल्या वारी, हे आजीला तोंडपाठ. ही तयारी नाही तर काय? तुमच्या आजोबांचंही असंच असणार. घरात कुणी जुनं माणूस असेल तर विचारून बघा.

हे मला कळायला एक रात्र ओढ्याकाठी काढावी लागली. चार वर्षांपूर्वी सप्टेंबरअखेर, पाटगावहून भटवाडी आणि पुढं चिक्केवाडीच्या वाटेनं मी नि एक मित्र रांगणा गडाला गेलो. एकच जीप. सकाळी ओढा ओलांडला तेव्हा पाणी पोटरीला होतं. तीनच्या सुमारास वरच्या अंगाला गडगडलं, आमच्यावर थेंबही नाही. परत आलो तर तोच ओढा मांडीच्या वर आणि रंग चहासारखा. तिकडं जांभ्याचे सडे, म्हणजे उघडी खडकाळ पठारं, आहेत, वर पडलेलं पाणी बरंचसं मुरत नाही, थेट ओढ्याला धावतं. त्यामुळं आपल्या डोक्यावर ऊन असताना पायाखाली पूर येतो. हे मला माहीत होतं, तरी मी गाडी घातली.

मधोमध इंजिन बंद पडलं. हवा ओढणाऱ्या नळीतून पाणी आत गेलं होतं. अशा वेळी सेल्फ मारायचा नसतो. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही, आणि पिस्टनचा कनेक्टिंग रॉड वाकतो. मी मारला. इंजिन तिथंच गेलं. खिडकीतून बाहेर पडून, एकमेकांना धरून कसेबसे अलीकडच्या, गडाच्या बाजूच्या काठाला लागलो. मोबाईलला रेंज नाही, अंगभर जळवा. पण रात्रभर खरी टोचणी वेगळीच होती. घरी मी "पन्हाळ्याकडं जाऊन येतो" म्हणून सांगितलं होतं. म्हणजे शोधायला निघालेली माणसं बरोबर उलट्या दिशेला गेली असती. आणि रात्री दहाच्या आत पाणी पुन्हा गुडघ्याखाली उतरलं. काठावर नुसता बसून राहिलो असतो तर त्याच गाडीनं घरी आलो असतो.

दादा, म्हणून मी लिहितो. भीती घालायला नव्हे.

पाण्याचा नियम आता एकच पाळतो. काठी घेऊन आधी पायी उतरायचं, आणि जिथं पायी उभं राहवत नाही तिथं गाडी घालायची नाही. नव्या थारला कंपनी ६५० मिलिमीटर खोलीपर्यंत पाणी चालतं म्हणते, पण तो आकडा संथ पाण्याचा धरा. वाहतं पाणी दोन फुटांवर गेलं की बहुतेक गाड्या उचलतं.

दोराबद्दल तुम्ही "दोर तर सगळ्यांकडं असतो" म्हणालात. असतो, पण बांधतात बंपरला नाहीतर स्टिअरिंगच्या दांडीला. दोर ताणला आणि तो भाग तुटला की तुकडा दोरासकट गोळीसारखा येतो. चासीला पक्क्या बसवलेल्या हुकालाच बांधा, दोरावर मधे ओलं घोंगडं किंवा गोणपाट टाका, आणि बघ्यांना दोराच्या दीडपट लांबीपलीकडं उभं करा. बऱ्याचदा दोराची गरजही पडत नाही : चिखलात चाकातली हवा ३२ पीएसआयवरून २० पर्यंत उतरवली तर चाक पसरतं आणि धरतं. १५ च्या खाली नको, टायर रिममधून निसटतो. परत डांबरीला लागण्याआधी हवा भरायची, कॉम्प्रेसर त्यासाठीच. तो मी यादीतून काढणार नाही.

दुसऱ्या एका वाचकानं परदेशातल्यासारखं सॅटेलाईटवरून संदेश पाठवणारं यंत्र न्यावं असं सुचवलंय. कृपा करून नेऊ नका. दूरसंचार विभागाच्या परवान्याशिवाय ते बाळगणं आपल्याकडं बेकायदा आहे. रेंज गेली तरी ११२ लावून बघा, दुसऱ्या कंपनीचा टॉवर जवळ असेल तर लागतो. आणि वाट वनखात्याच्या हद्दीतून असेल तर आधी त्यांची परवानगी. पावसाळ्यात सड्यावर फुलं असताना तर चाक घालूच नये, ती पुन्हा उगवायला वर्ष जातं.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी आम्ही तीन गाड्या पुन्हा रांगण्याच्या वाटेनं जातोय. तुम्ही या. चिठ्ठीत वाट, गाड्यांचे नंबर, परतायची वेळ आणि "रात्री नऊपर्यंत फोन आला नाही तर पाटगावला कळवा" एवढंच लिहितो. एक प्रत माझ्या बायकोकडं असते, दुसरी यावेळी तुमच्या घरी ठेवू.