रंगवलेले चेहरे आणि एक चिकटपट्टी

दर काही महिन्यांनी एक पोस्ट फिरत फिरत माझ्यापर्यंत येतेच. अर्ध्या चेहऱ्यावर काळे-पांढरे पट्टे, नाकावर मुद्दाम सोडलेली केसांची बट आणि वर ठळक अक्षरांत 'असा मेकअप करा, कॅमेऱ्याला तुम्ही दिसणारच नाही'. खाली निम्मे लोक 'भारीच' म्हणतात आणि उरलेले 'असं तोंड रंगवून ऑफिसला कोण जाणार' म्हणून टिंगल करतात. मला दोघांशीही भांडायचंय, म्हणून ही लांबलचक पोस्ट.

ती कल्पना ॲडम हार्वी नावाच्या अमेरिकन कलाकाराची. २०१० साली न्यूयॉर्क विद्यापीठात शिकताना त्याने 'सीव्ही डॅझल' हा प्रकल्प केला. 'सीव्ही' म्हणजे कॉम्प्युटर व्हिजन, यंत्राची नजर. 'डॅझल' हे नाव घेतलं पहिल्या महायुद्धातल्या जहाजांच्या रंगकामावरून. तेव्हा जहाजांवर वेडेवाकडे, अंगावर येणारे पट्टे रंगवायचे. त्याने जहाज लपायचं नाही, उलट उठूनच दिसायचं. पण ते कुठल्या दिशेने आणि किती वेगाने चाललंय याचा पाणबुडीवाल्याचा अंदाज चुकावा, हा हेतू.

हार्वीने तीच चाल कॅमेऱ्यावर खेळली. त्या काळात चित्रात चेहरा शोधायला 'व्हायोला-जोन्स' ही २००१ सालची पद्धत सर्रास वापरली जायची. चेहरा म्हणजे काय हे तिला कळत नाही. ती चित्रावर चौकोन ठेवत जाते आणि त्यांतला उजेड मोजते. डोळ्यांची पट्टी खालच्या गालांपेक्षा गडद आहे का? दोन डोळ्यांमधला नाकाचा भाग डोळ्यांपेक्षा उजळ आहे का? अशा बारीकसारीक चाचण्या एकामागून एक लागतात आणि कुठल्याही टप्प्यावर नापास झालं की चित्राचा तो तुकडा तिथल्या तिथे बाद. हार्वीने फक्त ही उत्तरं बिघडवली. नाकाचा वरचा भाग केसांनी झाकला, गालांवर गडद ठोकळे रंगवले, डावी-उजवी बाजू एकसारखी राहू दिली नाही. माणसाला तो चेहराच दिसतो, यंत्राला तिथे काहीच सापडत नाही.

टिंगल करणाऱ्यांना म्हणून सांगते, हा फॅशनचा सल्ला नव्हताच. कॅमेऱ्याच्या आत काय चाललंय हे इतकं सोपं करून क्वचितच कुणी दाखवलं असेल. ती चित्रं पाहिलेल्या माणसाला कुठलंही गणित न शिकता कळतं की यंत्र 'बघत' नाही, ते उजेड-अंधाराची बेरीज-वजाबाकी करतं.

आणि 'भारीच' म्हणणाऱ्यांसाठी: ती युक्ती केव्हाच शिळी झाली. पुढे ढीगभर फोटो पाहून चेहरा शोधायला आपणहून शिकणारे न्यूरल नेटवर्क आले, त्यांना चौकोनांची गरज उरली नाही. तो मेकअप त्या जुन्या पद्धतीसाठी होता, हे हार्वी स्वतःच सांगतो. पोस्ट पुढे ढकलणारे ते वाचत नाहीत, एवढंच.

त्याच्यामागून बरेच जण आले. २०१६ साली कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संशोधकांनी रंगीबेरंगी नक्षी छापलेल्या चष्म्याच्या फ्रेम बनवल्या. त्यातली एक घातल्यावर एका पुरुष संशोधकाला सॉफ्टवेअरने चक्क मिला योवोविच ही अभिनेत्री ठरवलं. २०१९ साली बेल्जियममधल्या ल्यूव्हन विद्यापीठातल्या तिघांनी एक छापील चित्र तयार केलं. ते पोटाशी धरून उभं राहिलं की माणसं शोधणाऱ्या प्रणालीला समोर माणूसच दिसेना. दोन्ही प्रयोगांचे फोटो बघताना मजा येते, मीही हसले. पण मिला योवोविचऐवजी त्या जागी एखादा साधा, नोकरीधंदा करणारा माणूस आला असता तर? अमेरिकेतल्या डेट्रॉइटजवळ २०२० साली एका कृष्णवर्णीय माणसाला संगणकाने दिलेल्या चुकीच्या जुळणीवरून पोलिसांनी घरासमोरून, बायकामुलांच्या देखत उचलून नेलं होतं. यंत्र चुकलं म्हणजे आपण सुटलो असं आपण धरून चालतो. ते चुकतं तेव्हा दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्यात पडतं, हे विसरतो.

जॉय बुओलामविनी या संशोधिकेची गोष्ट तर याच्या अगदी उलट्या टोकाची. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात शिकताना तिचा काळा चेहरा सॉफ्टवेअरला सापडेना, म्हणून तिने पांढरा मुखवटा चढवला आणि तो लगेच सापडला. पुढे २०१८ साली टिमनिट गेब्रूबरोबर तिने चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष हे सांगणाऱ्या बाजारातल्या प्रणाली तपासल्या. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चुकीचं प्रमाण जास्तीत जास्त ०.८ टक्के, सावळ्या आणि काळ्या स्त्रियांच्या बाबतीत ३४.७ टक्क्यांपर्यंत. 'कॅमेऱ्याला न दिसणं' हे ज्याला सहज दिसण्याची सवय आहे त्याचंच स्वप्न असतं.

आता मुद्द्यावर येते. या विषयावरचं काहीही नवीन दिसलं, मग तो शर्ट असो, चष्मा असो की ॲप, की मी एकच विचारते. हे मला ओळखण्यात खोडा घालतं की माझा चेहरा, माझा आवाज गोळा करण्यात?

हा फरक मला नीट कळला तो 'फॉक्स'मुळे. शिकागो विद्यापीठातल्या बेन झाओ, हेदर झेंग आणि शॉन शान यांच्या चमूने २०२० साली हे सॉफ्टवेअर काढलं. गाय फॉक्स या जुन्या इंग्लिश बंडखोराच्या मुखवट्यावरून नाव. क्लिअरव्ह्यू नावाच्या कंपनीने इंटरनेटवरून तब्बल ३ अब्ज फोटो उचलून चेहऱ्यांचं कोठार बनवलंय, ही बातमी त्याच वर्षी फुटली होती. फॉक्स करायचं ते असं: तुमचा फोटो अपलोड करण्याआधी त्यातले काही पिक्सेल इतके अलगद बदलायचे की डोळ्याला पत्ता लागू नये. पण तो फोटो घेऊन कंपनीने आपलं यंत्र शिकवलं, तर ते तुमच्या नावाखाली भलताच चेहरा शिकणार. उद्या रस्त्यावरच्या कॅमेऱ्यात तुमचा खरा चेहरा आला की जुळणीच होणार नाही. डोकेबाज काम होतं आणि फुकट मिळत होतं.

मग २०२१ साली एव्हानी रादिया-दीक्षित आणि फ्लोरियन त्रामेर या संशोधकांनी एका निबंधात त्यातल्या कच्च्या दुव्यावर बोट ठेवलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की तुम्ही फोटो एकदाच टाकता. टाकला की तो गेला, आता त्यावरचं चिलखत बदलता येत नाही. समोरच्याला मात्र कसलीही घाई नसते. तो फोटो ठेवून देतो आणि वर्षभराने आणखी चांगलं सॉफ्टवेअर आलं की तेच जुने फोटो पुन्हा चाळतो. आजच्या सॉफ्टवेअरला तुमची युक्ती भेदता आली नाही तरी चालतं, कारण ती भेदणारं उद्या येणारच आहे. बचाव करणाऱ्याला येणाऱ्या प्रत्येक सॉफ्टवेअरला पुरून उरायचंय, हल्ला करणाऱ्याला एकदाच जिंकलं की पुरे. हा निबंध वाचल्यावर मी रंगवलेल्या चेहऱ्यांचे फोटो शेअर करणं बंद केलं. तो रंग आजच्या कॅमेऱ्याला चकवेलही, पण फोटो तर निघालाच ना?

उलट त्याच शिकागो विद्यापीठातलं, फॉक्सच्याच वर्षीचं, म्हणजे २०२० सालचं दुसरं काम बघा. झाओ आणि झेंग हे नवरा-बायको. त्याने गाणी ऐकायला म्हणून घरात स्मार्ट स्पीकर आणला. ती भडकली, घरात सतत ऐकणारा माइक नको म्हणाली. नवरा-बायकोच्या भांडणातून निघालेल्या संशोधनावर माझा जरा जास्तच विश्वास बसतो. दोघांनी विद्यापीठातल्या इतरांना बरोबर घेऊन मनगटात घालायचं एक कडं बनवलं. दिसायला ओबडधोबड, भोवती २४ छोटे स्पीकर. त्यातून निघणारा आवाज इतक्या वरच्या पट्टीतला की बहुतेकांच्या कानाला लागतच नाही. पण माइकच्या सर्किटमध्ये एक उपजत खोट असते. फार वरच्या पट्टीतले आवाज तिथे एकमेकांत मिसळून खालच्या, ऐकू येणाऱ्या पट्टीत उतरतात. त्यामुळे तुम्ही-आम्ही शांतपणे गप्पा मारतोय आणि रेकॉर्डिंगमध्ये नुसती खरखर. टेबलावर ठेवायच्या जॅमरला, म्हणजे असंच माइक बिघडवणाऱ्या यंत्राला, काही दिशांचे कोपरे सुटतात. कडं हातात असलं की बोलताना हात हलतात आणि ते कोपरेही भरून निघतात. हातवारे करून बोलणाऱ्या माणसांना अखेर विज्ञानाचा पाठिंबा मिळाला म्हणायचा.

यात आपलं बोलणं नोंदलंच जात नाही हे मला आवडतं. पुढच्या वर्षी येणारं सॉफ्टवेअर चाळणार तरी काय?

डेन्मार्कच्या ब्यॉर्न कारमान आणि टोरे क्नुडसेन या डिझायनरांचं 'प्रोजेक्ट एलियस' याच जातीचं. स्मार्ट स्पीकरच्या डोक्यावर टोपीसारखं बसवायचं यंत्र, आकार बांडगुळासारख्या बुरशीवरून घेतलेला. ते स्पीकरच्या माइकात सतत बारीक खरखर ओतत राहतं. तुम्ही स्वतः ठरवलेलं नाव उच्चारलंत तरच खरखर थांबवून ते खालच्या स्पीकरला जागं करतं. मालक कोण, हा प्रश्न इतक्या नेमकेपणाने एखाद्या वस्तूत उतरलेला मी तरी फारसा पाहिलेला नाही.

आणि या सगळ्यात सर्वांत यशस्वी वस्तू कुठली, तर चिकटपट्टी. २०१६ साली मार्क झुकरबर्गने इन्स्टाग्रामचं कौतुक करणारा स्वतःचा एक फोटो टाकला, तर मागच्या टेबलावरच्या लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर आणि माइकवर पट्टी चिकटवलेली लोकांनी हेरली. त्याच वर्षी अमेरिकेच्या एफबीआयचा तेव्हाचा प्रमुख जेम्स कोमीही म्हणाला की मीही कॅमेऱ्यावर पट्टी लावतो. ज्यांचं पोट आपल्याकडे बघण्यावर चालतं त्यांनी मेकअप निवडला नाही, पट्टी निवडली. (हे मी त्याच झुकरबर्गच्या फेसबुकवर लिहितेय, याची मला कल्पना आहे. कमेंटमध्ये तेवढं सांगायला येऊ नका.)

सायमन वेकर्टचं काम मात्र मला कुठल्याच खणात बसवता येत नाही. २०२० साली या जर्मन कलाकाराने ९९ जुने स्मार्टफोन एका हातगाडीत भरले आणि बर्लिनच्या रिकाम्या रस्त्यावरून ती गाडी रमतगमत ओढत नेली. गूगल मॅप्सवर तो रस्ता हिरव्याचा लाल झाला. नकाशाला गाड्या दिसत नाहीत, फोन दिसतात, हे त्याने एका फेरफटक्यात सिद्ध केलं. आपला बचाव त्यातून शून्य होतो, पण व्हिडिओ मी अजूनही अधूनमधून लावते.

आता पुन्हा हार्वीकडे, कारण लोक त्याला मेकअपवरून ओळखतात आणि त्याचं खरं मोठं काम कुणी शेअर करत नाही. त्यात बघण्यासारखं काहीच नाही ना! ज्यूल्स लाप्लासबरोबर त्याने 'मेगापिक्सेल्स' नावाचा प्रकल्प केला. चेहरे ओळखायला यंत्रांना शिकवण्यासाठी संशोधक फोटोंचे जे गठ्ठे वापरतात, ते कुठून आले, फोटोंतल्या लोकांना विचारलं होतं का आणि पुढे ते कुणाकुणाच्या हाती गेले, याचा माग त्यांनी शोधनिबंध उकरून उकरून काढला. मायक्रोसॉफ्टच्या एका गठ्ठ्यात सुमारे १ लाख लोकांचे १ कोटी फोटो होते, न विचारता इंटरनेटवरून उचललेले. त्यात पाळतीच्या विरोधात लिहिणारे लोकसुद्धा सापडले. ड्यूक विद्यापीठाच्या गठ्ठ्यात तर कॅम्पसवरून येणाऱ्या-जाणाऱ्या विद्यार्थ्यांचं चित्रण होतं. २०१९ साली याचा बोभाटा झाला आणि दोन्ही गठ्ठे मागे घेतले गेले. त्याच वर्षी ट्रेव्हर पॅगलेन हा कलाकार आणि संशोधक केट क्रॉफर्ड यांनी 'इमेजनेट रूलेट' काढलं. स्वतःचा फोटो टाकायचा आणि इमेजनेट या गाजलेल्या गठ्ठ्यावर शिकलेलं यंत्र तुमच्यावर कुठलं लेबल मारतं ते बघायचं. लेबलं इतकी ओंगळ निघाली की इमेजनेटवाल्यांना माणसांचे सुमारे ६ लाख फोटो काढून टाकत असल्याचं जाहीर करावं लागलं.

प्रती कुठे ना कुठे उरल्या असणार, इंटरनेटवरून काही पूर्ण पुसलं जात नाही, हे मान्य. तरीही हार्वीच्या त्या शोधाशोधीने जे साधलं ते त्याच्याच रंगांना साधलं नव्हतं.

कायद्याचंही तेच. २०२१ साली फेसबुकने आपली चेहरे ओळखण्याची प्रणाली बंद केली आणि १ अब्जाहून जास्त लोकांचे चेहऱ्याचे साचे पुसत असल्याचं जाहीर केलं. पश्चात्तापाने नव्हे. इलिनॉय राज्याच्या २००८ च्या एका कायद्याखाली खटला चालला होता आणि तो मिटवायला ६५ कोटी डॉलर मोजावे लागले होते. कायदा काय म्हणतो? चेहऱ्याचा किंवा बोटांचा ठसा घेण्याआधी विचारा, लेखी परवानगी घ्या. म्हणजे पुन्हा गोळा करण्याच्याच टप्प्यावर बोट. आणि लक्षात घ्या, त्या अब्जभर लोकांपैकी कुणालाही त्यासाठी तोंड रंगवावं लागलं नाही.

म्हणून माझी मागणी अगदी रुक्ष आहे. लॅपटॉपच्या कॅमेऱ्याला आता बऱ्याच कंपन्या सरकती झडप देतात. ती त्यांना कुणा मंत्र्याने सुचवलेली नाही, लोक पट्ट्या चिकटवतच राहिले म्हणून आली. माइकला झडप लावून भागत नाही, त्याची तार तोडणारं बटण लागतं. तसं बटण असलेले लॅपटॉप आणि फोन मोजकेच आहेत, म्हणजे ते बनवता येतं. बाकीच्यांत 'माइक बंद आहे' हे आपल्याला सॉफ्टवेअर सांगतं आणि आपण ऐकून घेतो. ते बटण प्रत्येक फोनवर हवं, बाहेरून दिसेल असं आणि बोटाने दाबता येईल असं. कोणत्या फोनवर ते आहे हे ठाऊक असेल तर कमेंटमध्ये मॉडेलचं नाव टाका.